डायवरचं बारसं

बातमी आली तेव्हा मी आणि वहिनी अंगणात लाल मिरच्यांचे देठ खुडत बसलो होतो. माझं सासर घाटंजीतच आणि माहेरही घाटंजीतच, मधे चार गल्ल्या. त्यामुळे माहेरपणाची माझी हौस कधी फिटली नाही आणि माहेरच्यांची माझ्यापासून सुटका झाली नाही. तर दादाचा जिवलग दोस्त, आमच्या चौकातला पानठेलेवाला, गाडी नीट न लावताच फाटकातून आत शिरला. गाडी मागं आडवी झाली. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ताई, डायवर येऊन राह्यला."

"कोणत्या गाडीचा?" आईनं ओसरीवरून विचारलं.

"सिनेमातला वं मावशी. चवथा भाग काढून राह्यले. मोबाईलवर आलं."

हे ऐकून वहिनीचे डोळे भरले आणि तिनं ते हातानं पुसले. मिरचीच्या हातानं. पुढचा अर्धा तास ती नळाखाली होती, आई दूध शोधत होती आणि पानठेलेवाला म्हणत होता, "माह्यापेक्षा वहिनीलेच जास्त आनंद झाला म्हणा की."

त्याला काय माहीत. वहिनीला त्या डायवरचं काडीचं प्रेम नव्हतं. तिचे डोळे भरले ते नवऱ्यापायी. लग्नाला वीस-बावीस वर्षं होत आली, पण नवऱ्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसून तिनं एकही सिनेमा पाहिला नव्हता, आणि त्याला कारण हाच मेला डायवर. मेला हे शिवी म्हणून नाही म्हणत. तो खरंच मेला होता. आम्ही त्याची तेरवी जेवलो आहोत.

सिनेमाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की आमच्या गावात अजून भांडणं होतात. ट्रक चालवणारा एक माणूस, गळ्यात दुपट्टा, बुक्कीनं कांदा फोडून भाकर खाणार आणि जिथं अन्याय दिसेल तिथं ब्रेक मारणार, एवढं सांगितलं तरी पुरे. त्याचे तीन भाग आले. दादा तेव्हा आमच्या टॉकीजचा माणूस. पोस्टर तोच चिटकवायचा, रिक्षात बसून भोंग्यावर तोच ओरडायचा, आणि संध्याकाळी पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत तोच. डायवरनं पडद्यावर ब्रेक मारला की दादाचा पाय खाली जमिनीवर दाबला जायचा. मी शेजारी बसायची, मला दिसायचं.

तिसऱ्या भागात डायवरनं पेटलेला ट्रक दरीत घातला आणि सिनेमा संपला. लोक उठेनात. पडदा पांढरा झाला तरी बसलेले. दादा तीन दिवस नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "याचं काहीतरी केलं पाहिजे. बेवारशासारखा गेला बिचारा."

मी म्हटलं, "दादा, मेला नाही तो. प्रेत दाखवलं नाही."

"पेटलेल्या ट्रकात काय दाखवतीन? राख?"

मग ठरलं. दहावा आणि तेरावा एकाच दिवशी उरकायचा, कारण सगळ्यांना सुट्टी रविवारचीच. दादानं डोकं भादरून घेतलं. पानठेलेवाला बौद्ध. तो म्हणाला, "आमच्यात तेरवी नसते गा, पुण्यानुमोदन असते. मी त्याच्यासाठी वंदना म्हणतो. पण जेवाले येतो." टॉकीजमागच्या पडीक जागेत पत्रावळ मांडली. तिच्यावर भात, वडे आणि बुक्कीनं फोडलेला एक कांदा. सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहत उभे राहिले.

कावळे होते. चांगले ढिगानं होते, टॉकीजच्या पत्र्यावर रांगेनं बसून खाली पाहत होते. एक उतरेना. आता आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, कावळा शिवला नाही की मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, मग घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा. एकानं शब्द दिला, तुझ्या ट्रकाचा फोटो घरात लावीन. दुसऱ्यानं दिला, पोराचं नाव तुझंच ठेवीन. कावळे ढिम्म. मी मागून म्हणत होते, "मेला असन तर शिवन ना. कांदा तर काढून घ्या आधी."

शेवटी दादा पुढे झाला. भादरलेल्या डोक्यानं हात जोडून म्हणाला, "तुह्या मागं मी दुसऱ्या कोणाचा सिनेमा पाह्यणार नाही. जन्मभर सुतक पाळीन."

तेवढ्यात शेजारच्या अंगणातली एक तांबडी कोंबडी तुरुतुरु आली आणि तिनं वडा टोचला.

"शिवला," दादा म्हणाला.

"दादा, कोंबडी आहे ते."

"पाखरू ते पाखरू. पंख आहेत का नाही? शिवला म्हंजे शिवला."

आमची तिथं जुंपली. पण तेरवीचे वडे गरम होते, त्यामुळे कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही. डायवर मुक्त झाला असं ठरलं आणि आम्ही जेवलो.

हे सगळं झालं ते दादाच्या लग्नाच्या महिनाभर आधी. लग्नाच्या फोटोत बाशिंग कानावर घसरलेलं दिसतं, कारण डोक्यावर धरायला केसच नव्हते. वहिनीच्या वडलांनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "घरात कोणी गेलं काय?" आई म्हणाली, "घरचं नाही. एक डायवर होता." पाहुण्यांना वाटलं, भले लोक आहेत, नोकरमाणसाचंही सुतक पाळतात.

नव्या नवरीला नवरा सिनेमाला नेतो, ही तेव्हाची पद्धत. लग्नाची हळद उतरायच्या आत वहिनीनं विचारलं, आणि दादा म्हणाला, "मले सुतक आहे." तिला वाटलं, असेल महिनाभर. पुढच्या महिन्यात विचारलं, तेच उत्तर. दिवाळीत विचारलं, तेच. माणूस वाईट नाही हो. गादीवर बसवील, साडी आणील, यात्रेत पाळण्यात बसवील. पण एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. पुढे टॉकीज बंद पडली, तिचं मंगल कार्यालय झालं, आणि दादानं बिछायत केंद्र काढलं. त्याच कार्यालयात मांडव घालतो, खुर्च्या लावतो. पडदा होता तिथं आता नवरा-नवरीचा स्टेज आहे. दादा त्या स्टेजकडे पाठ करून उभा राहतो. तिथं लग्न लागत असलं तरी.

मला त्या पोरीची दया आली. म्हणजे मलाही सिनेमा पाहायचा होता, खोटं कशाला बोलू. मी आईला सांगितलं, वहिनीची दाढ दुखते, यवतमाळला दाताच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल. एसटीनं गेलो, सिनेमा पाहिला, समोसे खाल्ले आणि परत आलो. संध्याकाळी आईनं वहिनीच्या दाढेखाली लवंग दाबली आणि जेवायला पातळ खिचडी दिली. बाकीच्या घराला मटण होतं. वहिनी माझ्याकडे असं पाहत होती की मी भाकरीच्या आड तोंड लपवलं.

तेव्हापासून वहिनीचे दात म्हणजे आमच्या घरातली मोठी काळजी झाली. इतकी वर्षं एका बाईचे दात दुखावेत आणि एकही पडू नये, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. दादा तर बिचारा फार काळजी करायचा. गुरुवारी रात्री जेवताना विचारायचा, "काय वं, तुया दात कसा आहे?" वहिनी गालाला हात लावायची. "ठणकून राह्यला." "मग उद्या दाखवून ये." कधी लागोपाठ विचारायचा, कधी महिना-महिना विचारत नसे. तेव्हा आम्ही म्हणायचो, कामात असेल.

पण एकदा, येताना एसटीत, वहिनी खिडकीबाहेर पाहत मला म्हणाली, "ताई, राग नका मानू. तुमच्यासंगं सिनेमा चांगला वाटते. पण अंधार झाला का मी दर वेळी बाजूले पाहतो, अन् दर वेळी तुम्हीच असता."

मला राग आला. मग नाही आला.

तर आता कळलं असेल की मिरचीचा हात डोळ्याला का गेला. डायवर परत आला तर सुतक संपलं. सुतक संपलं तर बाजूच्या खुर्चीवर दादा.

डोळे धुऊन झाले तशी मी वहिनीला उठवली आणि आम्ही तिघं बिछायत केंद्रात गेलो. दादा गाद्या मोजत होता. मी मुद्दाम खुर्ची ओढून, पायावर पाय टाकून बसले. इतक्या वर्षांचं येणं वसूल करायचं होतं. म्हटलं, "दादा, तो जिता आहे. मी म्हंतलं होतं."

पानठेलेवाल्यानं मोबाईल पुढे केला. दादानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग गादीवर बसला आणि त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. मी म्हटलं, चला, ब्रेक लागला.

संध्याकाळपर्यंत जुनी टोळी गोळा झाली. पोटं सुटलेली, केस गेलेले, एकाला दम्याचा पंप, पण गळ्यात सगळ्यांनी दुपट्टे टाकून आणलेले. दुकानातला भोंगा लावला. शेजारच्या किराणावाल्यानं विचारलं, कोणाचं लग्न आहे. हे नाचले. दुपट्टा पंख्यात अडकेस्तोवर नाचले. वहिनीनं सगळ्यांना चहा केला आणि साखर इतकी टाकली की चमचा उभा राहावा.

मग दम्यावाल्यानं चष्मा लावून बातमी खालपर्यंत वाचली. आनंदात आम्ही कोणी खालपर्यंत वाचलीच नव्हती. खाली लिहिलं होतं, डायवरच्या भूमिकेत नवा चेहरा.

भोंगा बंद झाला. मोबाईलवर त्या नव्या पोराचा फोटो होता. गोरा, पातळसा, दाढी कोरलेली, दुपट्टा इस्त्री केलेला.

"यानं कांदा तरी कापला असन काय कधी," पानठेलेवाला म्हणाला.

दादा उठला. मोबाईल परत दिला. "हा डायवर नाही," म्हणाला. "मले सुतक आहे." आणि पुन्हा गाद्या मोजायला लागला.

मी वहिनीकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं. तिनं कप गोळा केले, धुतले, पालथे घातले. घरी येताना एवढंच बोलली, "जाऊ द्या ताई. दात आहेतच की आपले."

मला रात्रभर चीड येत राहिली. कोणाची ते कळेना. त्या गोऱ्या पोराची, दादाची, की त्या तांबड्या कोंबडीची. सकाळी उठून माहेरी गेले तर आई देवाजवळ बसली होती. तिला सगळं सांगितलं. आई वाती वळता वळता म्हणाली, "त्यात काय एवढं. बारसं करा."

"कोणाचं?"

"त्या डायवरचं. तेरवी झालेला माणूस परत आला तर त्याले तसंच घरात घेत नसते बाई. राळेगावाकडे माह्या आत्याच्या गावी झालं होतं असं. माणूस पुरात गेला म्हणून क्रिया केली, अन् चार महिन्यांनी हा हातात पिशवी घेऊन हजर. बायकोनं पाणी देऊ नये, लोकांनी जवळ बसू नये. मग म्हाताऱ्या लोकांनी ठरवलं, याले पाळण्यात घाला अन् नवीन नाव द्या. एवढा मिशीवाला माणूस, पाय पाळण्याबाहेर. पण घातला. मग घरात घेतला."

मी आईचे पाय धरले असते, पण तिला गुदगुल्या होतात. तशीच वहिनीला हाताला धरून दुकानात गेले.

"दादा, एक विचारू?"

"नको."

"तेरवी कोणं केली त्याची?"

"म्या."

"कोंबडी शिवली म्हंजे शिवली, असं कोणं म्हंतलं होतं?"

"म्या."

"मग तो मुक्त झाला का नाही?"

"झाला," दादा म्हणाला, पण जरा सावध झाला.

"मग मुक्त झालेला माणूस जुन्याच अंगानं कसा येईन रे? जळालेल्या अंगानं? तो नवीनच येईन ना. गोरा येईन, पातळ येईन, जसा जन्म भेटन तसा येईन."

दादा थांबला. गादीचा कोपरा हातातच राहिला. मग म्हणाला, "ते कोंबडीचं एवढं काही पक्कं धरू नको. कोंबडी ते कोंबडी."

"असं म्हण," मी म्हटलं. मी याचीच वाट पाहत होते. "म्हंजे कोणी शिवलंच नाही. म्हंजे तो मेलाच नाही. मग इतकी वर्षं सुतक कोणाचं पाळून राह्यला तू?"

पानठेलेवाला तिथंच बसला होता. तो तंबाखू मळायचा थांबला. "बापा," म्हणाला, "दोन्हीकडून धरला तुले बहिणीनं."

दादानं गादीचा कोपरा सोडला. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं. ती नुसती उभी होती, पदर बोटाला गुंडाळत. आमची वहिनी कधी हट्ट करत नाही, तिचं तसं उभं राहणंच हट्ट असतो. दादा आत गेला आणि भाड्यानं द्यायचा सजवलेला पाळणा खांद्यावर घेऊन बाहेर आला. पाळणा चांगला, झुंबरवाला. म्हणाला, "रविवारी करू. सगळ्यांना सुट्टी असते."

बारसं दुकानातच झालं. पाळण्यात झबलं घालून मोबाईल ठेवला, त्यावर त्या गोऱ्या पोराचा फोटो. उशाला एक कांदा, फोडलेला. आईनं घुगऱ्या केल्या. पानठेलेवाला म्हणाला, "आमच्यात हे बी नसते. पण घुगऱ्या खातो." आता प्रश्न आला नाव कोण ठेवणार. पाळणा दादानं आणलेला, म्हणजे बापाच्या जागी तो. बापाची बहीण मी. आत्याच नाव ठेवते, आणि आत्याच्या पाठीत बायका बुक्क्या घालतात, हेही सगळ्यांना माहीत. माझ्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. माझ्यामागं वहिनी बाह्या सावरून उभी होती.

मी वाकून मोबाईलच्या कानात, म्हणजे जिथून आवाज येतो तिथं, कुर्र केलं आणि जुनंच नाव सांगितलं. सांगता सांगता मोबाईल थरथरला. त्याच्या बायकोचा फोन होता, पानठेलेवाल्याच्या. पण तेवढ्यात पाठीत पहिली बुक्की बसली, आणि ती वहिनीची होती. नंतरच्या बायकांच्या काहीच वाटल्या नाहीत. लवंगा, पातळ खिचड्या, सगळं तिनं एका बुक्कीत वळतं केलं.

डायवर अजून पडद्यावर यायचाच आहे. ट्रक दरीतून कसा काढणार ते त्यांचं ते जाणोत. पण सुतक संपलं होतं, आणि पुढच्याच शुक्रवारी दादानं स्वतःहून धुतलेला शर्ट घातला. यवतमाळला मीही गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण इतक्या वर्षांची सवय. सिनेमा कोणता होता ते विचारू नका. रद्दी होता.

दादा दारातच गांगरला. आमच्या टॉकीजच्या बाकड्यांवरचा माणूस तो. खुर्च्या मऊ, जिना आपोआप वर जाणारा, कुठं जायचं ते कळेना. वहिनीनं त्याचा दंड धरला आणि नीट नेलं. रांग कोणती, खुर्ची कोणती, एसी कुठं बेताचा लागतो आणि कुठं थंडी वाजते, सगळं तिला तोंडपाठ. मी मागून तिला चिमटे काढत होते, की बाई, तू पहिल्यांदा आली आहेस, जरा चुकल्यासारखं कर. ती काही चुकेना. आनंदात तिला भानच नव्हतं.

खुर्चीवर बसल्यावर दादा म्हणाला, "आज दात नाही दुखून राह्यला वाटते."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो.

"काय पाहता," तो म्हणाला. त्याचं तोंड पडद्याकडंच होतं. "जवानी पोस्टर चिटकवण्यात गेली माही. नवीन सिनेमा शुक्रवारी लागते, अन् तुया दात बी शुक्रवारीच दुखते, हे मले नाही कळन? चांगला लागणार असला का गुरुवारी विचारत होतो. खराब लागला तर कधी विचारलं काय?"

मी मनातल्या मनात मागचे शुक्रवार आठवून पाहिले. खरंच, आम्ही एकही खराब सिनेमा पाहिला नव्हता.

अंधार झाला. वहिनीनं बाजूला पाहिलं. या वेळी मी नव्हते, मी तिच्या दुसऱ्या बाजूला होते. ती हळू आवाजात म्हणाली, "दाताचं विचारत राह्यले इतकी वर्षं. येतो म्हंतलं असतं, तर मले खराब बी चालला असता."

पडद्यावर कुठलीशी गाडी आली, जोरात आली, आणि दादाचा पाय खाली दाबला गेला नाही. पहिल्यांदाच. तो तिच्याकडे पाहत होता.

मध्यांतरात तो समोसा घेऊन आला. एकच. त्यानं तो मोडला, मोठा अर्धा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "सावकाश चाव. दुखऱ्या बाजूनं नको."

"कोणती बाजू दुखरी ते माहीत आहे काय तुम्हाले?"

"नाही," दादा म्हणाला. "पुढच्या गुरुवारी विचारतो."

"विचारा," वहिनी म्हणाली. "अजून पुष्कळ दात आहेत माह्या तोंडात."

मला समोसा कोणी विचारला नाही. मी माझी पिशवी उचलली आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसले.